बॉयलरच्या हातावरच्या घंटा

आमच्या ह्यांच्यावर तंत्रविद्यापीठाच्या लोकांनी एक जाडजूड गौरवग्रंथ काढला. विद्यापीठ नवं, उघड्या माळावर ह्यांनीच उभं केलेलं, पहिले कुलगुरूही हेच. तेव्हा ग्रंथ निघणं ओघानं आलंच. त्यात एका प्राध्यापकानं लिहिलंय की साहेब फार श्रद्धाळू होते, खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या एकूण एक यंत्रापुढं जाऊन उभे राहायचे, हारफुलांवरून हात फिरवायचे. श्रद्धाळू! डोंबल. देवळात जायचं म्हटलं की ह्यांच्या चपला नेमक्या हरवायच्या. हार चाचपून बघत होते ते, कुणी कुठं काय बांधून तर ठेवलं नाही ना म्हणून. पण त्या बिचाऱ्याला हे कसं कळावं? तो त्या वेळी जन्मलाही नव्हता.

माझ्याकडंही लेख मागितला होता. मी लिहून दिला तो परत आला. म्हणाले, आजी, जरा प्रसन्न काहीतरी लिहा की. आता प्रसन्न कुठून आणू? ह्यांच्या आयुष्यात प्रसन्न गोष्टी पुष्कळ झाल्या, नाही असं नाही, पण हा माणूस असा का झाला, नट न् नट दोनदा बघणारा, मुलांना वर्गात 'समजलं' असं म्हणू न देणारा, 'सांग मग' म्हणून खडू हातात देणारा, ते सोलापुरातल्या त्या एका हिवाळ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. म्हणून माझं मीच लिहिते. नावं कुणाची घालत नाही. मेलेल्यांची नाहीत आणि जित्यांचीही नाहीत.

मी मैंदर्गीची. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि भांडायला दोन्ही. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा हे एका कापडगिरणीत दुय्यम इंजिनियर होते. गिरणीच्या भिंतीला लागूनच बाबू लोकांच्या खोल्या, त्यातली एक आम्हाला. मागं कामगारांची चाळ, आणि त्याच्या पलीकडं तेलुगू विणकरांची घरं. तिथून दिवसभर हातमागाची ठकठक यायची. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बॉयलरघराचं छप्पर दिसायचं. छप्पर कसलं, जवळजवळ अंगावरच होतं ते. गिरणी चालू असली की फळीवरची भांडी बारीक थरथरायची. पहिल्या दिवशी मी घाबरून सगळ्या वाट्या खाली उतरवून ठेवल्या. हे म्हणाले, "अगं, थरथर थांबली की घाबरायचं." म्हटलं, वा, भारी संसार मांडून दिलात.

हा माणूस तसा गप्प. राग आला की ओरडायचे नाहीत, नाकपुड्या तेवढ्या फुगायच्या. बोलायचं काम मीच दोघांचं मिळून करायची.

चाळीतली एक बाई मला शेळीचं दूध घालायची. तिचा नवरा बॉयलरवर आगवाला. म्हणजे भट्टीत कोळसा ओढायचा, वाफ धरून ठेवायची, हे त्याचं काम. सांगोल्याकडची धनगर माणसं. मेंढरं दुष्काळात गेली, मग हा पोटामागं सोलापुरात आला, आणि बाईनं येताना हट्टानं एक शेळी तेवढी आणली. माझ्याहून थोडी मोठी असेल. दिसायला काळीसावळी, उंच, आणि बोलायला लई गोड. पण मध्येच बोलता बोलता थांबायची आणि कमरेवरच्या पोराकडं बघायची, आहे ना म्हणून. तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. हे एकच टिकलं होतं. नुकतं उभं राहायला लागलेलं, माझ्या चुलीपाशी येऊन लाकडं ओढायचं.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर गिरणीचा गोरा चीफ इंजिनियर विलायतेला परत गेला, आणि बॉयलरघराचा ताबा ह्यांच्याकडं आला. तोवर ह्यांचं काम इंजिनघरात, बॉयलरशी फारसा संबंध नव्हता. ताबा घेतला त्याच आठवड्यात सरकारी तपासनीस येऊन बॉयलर तपासून गेला. सगळं ठीक म्हणून कागद दिला. हे खूश. मी पण खूश, पगार वाढणार होता ना.

मग खंडेनवमी आली. सोलापुरात त्या दिवशी कात्रीपासून चरकापर्यंत सगळ्याची पूजा. गिरणी बंद. बॉयलरघरात बायकांना हळदीकुंकवाला बोलावणं होतं, म्हणून मीही गेले; पूजाबिजा म्हणून हे घरीच. अय्यो शिवशिवा, काय थाट! बॉयलर म्हणजे एवढं मोठं, आडवं पडलेलं लोखंडी पिंप म्हणा, त्याला झेंडूच्या माळा, पुढं केळीचे खांब, भट्टीच्या दाराला हळदीचे हात उमटवलेले. कामगार तिला आई म्हणायचे. 'आई तापली,' 'आईला भूक लागली,' असं रोजचं बोलणं. वरच्या बाजूला एक लांब लोखंडी दांडा आडवा बाहेर आला होता. तो आईचा हात. आणि त्या हाताच्या टोकाला घंटाच घंटा! बोराएवढ्या, लिंबाएवढ्या, पितळेच्या, काशाच्या, जुन्या काळवंडलेल्या आणि नव्या चकचकीत. दूधवाली माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ती बगा वैनी, लाल दोरा हाय त्यी. आमच्या लेकराची. नवस बोल्ली व्हते. बांदली, तवापास्नं ह्यो टिकला."

मी हात जोडले. मला काय ठाऊक?

घरी येऊन जेवायला वाढताना मी सहज म्हटलं, "काय सुरेख दिसते हो तुमची आई. हातभर घंटा घातल्यात."

"कुठल्या हाताला?"

मी सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला. ताटावरून उठले, हात न धुता तसेच गेले.

झालं होतं ते असं. बॉयलरमध्ये वाफ फार साठली की आपोआप उचलून जास्तीची वाफ बाहेर सोडणारी एक झडप असते. ती फार लवकर उचलू नये आणि फार उशिराही उचलू नये म्हणून तिच्यावर तो दांडा, आणि दांड्याच्या टोकाला नेमकं ठरवलेलं वजन. तोच हा आईचा हात. नवस फेडणारे वर्षानुवर्षं त्याच टोकाला घंटा बांधत आले होते. म्हणजे झडप दाबून धरत आले होते. आणि तपासनीस येणार म्हटलं, की बॉयलरघराचा मुकादम आदल्या दिवशी आंघोळ करून, ओल्या धोतरानं त्या सगळ्या घंटा उतरवून ठेवायचा. लपवालपवी नव्हती हो ती! परका माणूस बूट घालून येणार, आईच्या अंगाला हात लावणार, मग तिचे दागिने विटाळायला नकोत, एवढाच त्यात भाव. तपासनीस गेला, की चांगला दिवस बघून परत बांधायचे; त्या वर्षी तो दिवस खंडेनवमीचाच. त्यामुळं दर वर्षी कागदावर बॉयलर अगदी ठणठणीत. फसवायचं कुणाच्या मनातही नव्हतं, आणि फसत सगळेच होते.

ह्यांनी त्याच दुपारी शिडी लावून सगळ्या घंटा उतरवल्या. सणाच्या दिवशी. सगळ्यांच्या देखत. मी नंतर म्हटलं, एक दिवस थांबला असता, गोडीनं घेतलं असतं. तर म्हणाले, "उद्या संध्याकाळी आग घालणार होते."

दसऱ्यानंतर कुणी भट्टीला हात लावेना. मंडळी बॉयलरघराबाहेर उकिडवी बसून राहिली, बोलेनात, भांडेनात. गिरणीमालक शेठजींची मोटार आली. शेठजी ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले की बाबा, बांधू दे त्यांना, इतकी वर्षं काय झालं? ह्यांनी नुसतं बॉयलरच्या पत्र्याकडं बोट दाखवलं. बॉयलर जुना, दुसऱ्या गिरणीतून आणलेला. पत्रा जागोजागी झिजलेला. शेवटी ह्यांनीच तोड काढली. बॉयलरसमोरच्या भिंतीत एक लोखंडी गज बसवला, आणि सगळ्या घंटा ओळीनं त्याला टांगल्या. आईच्या डोळ्यासमोरच आहेत म्हणाले. मुकादमानं गजाकडं बघितलं, "बरं सायेब" म्हटलं आणि आग घातली. आमच्याकडं 'बरं' म्हणजे पटलं असं नव्हे; ऐकलं एवढंच.

आणि मग सुरू झाला तो आवाज.

वाफ जास्त झाली की झडप आता वेळच्या वेळी उचलायला लागली. कधी दुपारी, कधी पहाटे, काही सूचना नाही, काही नाही, एकदम किंकाळी फुटायची. भिंतीपलीकडं कुणाला तरी भाजतंय असं वाटायचं. छपरावर पांढऱ्या वाफेचा लोट चढायचा, कावळे उडायचे, चाळीतली पोरं रडायला लागायची. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातलं दुधाचं पातेलं सोडून दिलं. वर्षानुवर्षं हा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. कसा ऐकणार? घंटांनी तोंडच दाबून धरलेलं होतं. हे म्हणायचे, हा आवाज येतोय म्हणजे आपण सुखरूप आहोत. आणि सारी चाळ म्हणायची, आई रडतीया. तिचे दागिने काढले, म्हणून रडतीया.

मग काय, खापर फोडायला डोकं आयतंच मिळालं. विणाई खात्यात मागावरचा धोटा उडून एकाच्या डोळ्याला लागला, आईचा कोप. इंजिनावरून माग फिरवणारा दोर तुटला, कोप. विहिरीचं पाणी खाली गेलं, तोही कोपच. धोटे काय आधी उडत नव्हते? पण सांगणार कुणाला? नवी पेठेत मी भाजी घ्यायला उभी राहिले, तर गिरणीतल्या बायका मला वाट करून द्यायच्या. मान होता म्हणून नव्हे. अंगाला अंग लागू नये म्हणून. मी संतापायची, पण आतून घाबरलेही होते. एक सांगते, मला स्वतःला तो आवाज अगदी नकोसा झाला होता. सगळं शास्त्र समजून घेऊनसुद्धा, तो आला की छातीत धस्स व्हायचं ते व्हायचंच.

दिवाळी सरली आणि दूधवालीच्या पोराला ताप भरला.

साधा ताप नव्हता. उतरेचना. पोर पिवळं पडलं, डोळे वर फिरवायला लागलं. ह्यांनी गिरणीचा डॉक्टर पाठवला, त्यानं विषमज्वर सांगितला. मी जाऊन कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसायची. तिथं कुणी मला काही बोललं नाही. पण कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या माझ्याकडं बघून पदर तोंडावर घ्यायच्या. तो आगवाला दारात उभा असायचा, कामावरून आलेला, काळाठिक्कर, पोराजवळ यायलाही घाबरायचा. एकदा मला म्हणाला, "वैनी, सायेबांचं बरुबर आसंल. शिकलेली मानसं. पर तिच्या हाताला हुती तवर माजं पोरगं खेळत हुतं, ह्ये बी खरंच न्हवं?" मी पट्टी पिळून पुन्हा कपाळावर ठेवली.

मग एक दिवस ती माझ्याकडं आली. दूध घेऊन नाही, रिकामी. माझे पाय धरायला लागली, मी मागं सरले. म्हणाली, "वैनी, समद्या नगं. माजी येकलीची. बोराएवढी हाय. तेवढी हातावर बांदू द्या म्हनावं सायेबांना. पोर बरं झालं की म्या सवता काढून दीन."

मी ह्यांच्याशी भांडले. मनापासून भांडले. म्हटलं, "एवढीशी घंटा हो! बोराएवढी! त्यानं काय तुमचा बॉयलर फुटणार आहे? ती आई आहे त्या पोराची. तिच्या मनाला धीर येईल, तिच्या हातून पोराला पाणी तरी नीट पाजलं जाईल."

हे उठले, पानाच्या डब्यातला अडकित्ता आणला, माझ्यापुढं बसले. बिजागरीपाशी सुपारी ठेवली आणि दांड्याच्या टोकाला करंगळी लावून दाबली. कट्कन फुटली. म्हणाले, "झडप इथं आहे, बिजागरीजवळ. घंटा इथं, टोकाला. टोकाला करंगळी ठेवली की झडपेवर पहिलवान बसतो. आणि आज तिला एक दिली, तर उद्या मुकादमाला नाही कसं म्हणू? त्याची तर नातवंडांची घंटा आहे. भट्टीपुढं उभं कोण असतं? तिचाच नवरा ना?"

"आणि पोर गेलं तर?"

नाकपुड्या फुगल्या. पण बोलले हळूच. "तर मी गुन्हेगार ठरेन. ठरू दे."

असला माणूस. मला त्या वेळी वाटलं, दगड पदरात पडला माझ्या. मी तिला 'नाही' म्हणून सांगायला गेले, आणि ती नुसती मान हलवत राहिली, जणू तिला ठाऊकच होतं.

पोर वाचलं. डॉक्टर म्हणाला, ताप उतरला, आता भीती नाही. मार्गशीर्षात ते परत भिंत धरून उभं राहायला लागलं, सुकलेलं, पण माझी लाकडं ओढायला तयार. मी साखर वाटली. ह्यांना म्हटलं, "सुटलो बाई." ह्यांनी त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला. मला वाटलं, आता सगळं मिटलं. तीही परत दूध घालायला यायला लागली. मात्र पूर्वीसारखी बसायची नाही, घाईत असायची. काहीतरी मनात धरल्यासारखी. एकदा मला विचारून गेली, देवळाला लागतात तसल्या थोरल्या घंटा कासारगल्लीत मिळतात का म्हणून. मी म्हटलं, मिळतात की. गावाकडच्या देवाला वाहायची असेल असं मी समजले.

पुढची सकाळ मला आजही नको वाटते.

कडाक्याची थंडी होती. पहिला भोंगा व्हायचा होता, हे अंगणात दाढी करत होते, मी चूल पेटवून चहाचं आधण ठेवलेलं. मागच्या आवारातून माणसांचा आनंदी आवाज येत होता. नंतर कळलं, आगवाल्यानं पोर बरं झालं म्हणून सगळ्यांना शिरा वाटला होता; द्रोण हातात देऊन त्यानंच एकेकाला बाहेर उन्हाला पिटाळलं होतं, जावा रं, गार हुईल. आणि इकडं इंजिनाचा दोर पुलीवरून घसरल्यानं इंजिन सुरूच झालं नव्हतं. भट्ट्या भरभरून पेटलेल्या, वाफ तयार, आणि घेणारं कुणी नाही. अशा वेळी तर झडप हमखास किंचाळायची.

पण शांत होतं. छान वाटत होतं मला. पाखरांचा आवाज ऐकू येत होता. फळीवरची भांडी तेवढी वाजत होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मी खिडकीतून म्हटलं, "अहो, आज गप्प आहे हो तुमची आई. रडून रडून दमली वाटतं."

ह्यांचा वस्तरा खाली पडलेला मी बघितला. अर्ध्या गालाला साबण तसाच. अनवाणी धावले, "आग ओढा, आग बाहेर ओढा" असं ओरडत. हा माणूस ओरडलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ते गिरणीच्या भिंतीतल्या दारापर्यंत पोचले, तेवढंच.

आवाज असा आलाच नाही. आधी जमीन वर आली असं वाटलं, मग खिडकी आत आली. सगळं पांढरं. वाफ, चुना, राख, काही दिसेना. मी ह्यांच्या नावानं बोंब मारत सुटले, नाव घ्यायचं नसतं हे विसरून. दारापाशी सापडले, विटांखाली पाय अडकलेला, कानातून रक्त, पण जिवंत. तो डावा कान नंतर कायमचा गेला. विद्यापीठातले लोक म्हणायचे, साहेब मान कलती करून किती लक्षपूर्वक ऐकतात!

आवारात शिरा खात उभी होती ती माणसं खरचटली, भाजली, पण सगळी वाचली. आत एकटा आगवाला होता. तो कापूर लावत होता. हात जोडून, डोळे मिटून, असं म्हणतात. पाहिलं कुणीच नाही.

ढिगाऱ्यातून तो दांडा ह्यांनीच काढला, काठी टेकत जाऊन. टोकाला देवळातल्याएवढी थोरली पितळी घंटा, चेपलेली, आणि तिची तार दांड्याला घट्ट पिळलेली. ह्यांनी चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला ती दाखवली, काय ते सांगितलं. चाळीत मात्र वेगळंच ठरलं होतं. आईनं पोर दिलं आणि बाप घेतला. एकालाच घेतला, बाकीच्यांना बाहेर काढलं, बघा तिची माया. ह्या बोलण्यावर ती बाई उभी होती. मला दिसत होतं ते. दिवस घातले तोवर ती एकदाही मोठ्यानं रडली नाही. सौदा झाला, आणि त्यात पोर तिच्या वाट्याला आलं, असं तिनं धरून ठेवलं होतं.

मी ह्यांना म्हटलं, "तिला काही बोलू नका. तुमच्या पाया पडते. आयुष्यात एकदा तरी गप्प बसा, तसे बसताच की एरवी."

"विचारलं नाही तर बोलणार नाही," म्हणाले.

ती आली, पोर कडेवर. ओट्यावर बसली. पदराची गाठ सोडून एक लहानशी नवी घंटा काढली आणि माझ्या हातात नव्हे, ह्यांच्यापुढं ठेवली. "सायेब, नवी आई येनार हाय म्हनं. तुमी लई दिवस आडवं आलासा, आता येऊ नगा. ही तिच्या हातावर बांदाया मुकादमाला सांगा. त्यो कबूल हाय. समदीच बांदनार हायती. बाप न्हेला, आता पोरगं तरी राखावं तिनं."

मी ह्यांच्याकडं बघितलं. डोळ्यांनीच मी त्यांना नको नको म्हणत होते. हे खुर्चीवरून उठले, पाय ताठ होता तरी तिच्यासमोर जमिनीवर बसले. कधी बसायचे नाहीत तसे.

"बाई, ती बांधू नका. तुमचा नवरा घंटेनं गेला."

तिला कळलं नाही. मग ह्यांनी सांगितलं. अगदी साध्या शब्दांत, सावकाश; वाफ कुठून निघते, हात का उचलतो, टोकाला जड काही बांधलं तर काय होतं. मी मध्येच "पुरे हो" म्हणाले, तर हात वर करून मला थांबवलं. शेवटी म्हणाले, "छोटी असती तर कदाचित त्या दिवशी निभावलं असतं. ती फार मोठी होती."

तिनं घंटा पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "त्यो ल्हानच आननार हुता."

तिनं पोराचं अंगडं सारखं केलं.

"म्या म्हनलं, न्हाय. पोर मरनातनं आनलं तिनं. बोराएवढी दिऊन भागवतोस व्हय? मोठी बांद म्हनलं. दांड्याला तार पिळून बांद, पडंल नायतर. म्याच सांगितलं."

हे म्हणाले, "तुमचा दोष नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं." पण ते तिच्या कानापर्यंत गेलं असं मला वाटत नाही. ती उठली. पोराला नीट कडेवर घेतलं. "येते वैनी," म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी मी ह्यांना वाट्टेल ते बोलले. काय मिळवलंत? तिच्याजवळ एकच आधार होता तोही काढून घेतलात! खरं बोलायची हौस एवढी? हे ऐकत होते. उजवा कान माझ्याकडं करून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "समदीच बांधणार होते, ऐकलंस ना." मला त्यांचं म्हणणं पटलं. राग गेला नाही. इतकी वर्षं झाली, हेही गेले, तरी तो अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मुकादम दारात आला. आत येईना, डोक्याचा पटका काढून हातात धरलेला. मग त्यानं सांगितलं. सकाळी एरवी भोंगा व्हायच्या वेळेला, ढिगारा उपसायच्या कामाला सगळी पाळी फाटकात जमली असताना ती तिथं जाऊन उभी राहिली होती. पोर कडेवर, शेळी दोरीला. शेळी कशाला, असं कुणीतरी विचारलंसुद्धा. आणि तिनं सगळ्यांपुढं, सासरच्या भावकीतली माणसंही होती त्यात, मोठ्यानं सांगितलं.

"आईनं न्हाय न्हेला त्येला. घंटेनं मेला. मोठी बांद म्हनून म्या सांगितलं, म्या मारला. बगा माज्याकडं. तुमी बांदू नगा."

पुन्हा पुन्हा तेवढंच सांगत होती म्हणे, पाळी पूर्ण आत जाईपर्यंत. नंतर सांगोल्याच्या रस्त्याला लागली.

नवा बॉयलर आला. त्याची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, हळदीचे हात उमटले. दांड्याला कुणी दोरासुद्धा बांधला नाही.